उपचारार्थ्याची साक्ष आणि उपचारकाचे नैपुण्य

१

गवंडी असो, वकील असो वा वैद्य असो, हात बसायला वर्षे जावी लागतात ही आपल्या व्यवहारातील रूढ समजूत आहे. मानसोपचाराच्या व्यवसायातही ती गृहीत धरली जाते. वीस वर्षे रुग्णांशी बोललेला उपचारक दोन वर्षे बोललेल्या उपचारकाहून अधिक कुशल असणार, असे मानूनच प्रशिक्षणार्थ्यांना ज्येष्ठांच्या हाताखाली दिले जाते. गेल्या दोन दशकांत जमलेला पुरावा या समजुतीस फारसा अनुकूल नाही. त्याच काळात एक उपायही पुढे आलेला आहे. उपचारार्थ्याने प्रत्येक बैठकीच्या वेळी आपली स्थिती आणि चाललेल्या उपचाराविषयीचे आपले मत ठरावीक मापाने नोंदवावे, उपचारकाने ती नोंद तत्काळ पाहावी, आणि तीवरून पुढील दिशा ठरवावी, असा हा उपाय होय. त्यास प्रत्याभरणाधिष्ठित उपचारपद्धती असे म्हणता येईल.

या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांच्या लेखनात दोन निराळी विधाने एकमेकांत मिसळलेली आढळतात. पहिले विधान असे की, प्रत्याभरणामुळे समोरच्या उपचारार्थ्याचे अधिक भले होते. दुसरे असे की, प्रत्याभरणामुळे उपचारक अधिकाधिक निपुण होत जातो. ही दोन्ही विधाने एकाच पुराव्यावर उभी आहेत असे वरवर वाटते. वस्तुतः तसे नाही. पहिल्या विधानाला मर्यादित पण खरा आधार आहे. दुसऱ्याला जो आधार सांगितला जातो तो बहुतांशी पहिल्याकडून उसना घेतलेला आहे. हा भेद स्पष्ट करणे व त्यातून प्रशिक्षणासंबंधी काय निष्पन्न होते ते पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

मानसोपचाराने गुण येतो काय, हा वाद १९५२ साली हान्स आयझेंक यांनी उभा केला. मज्जाविकृतीचे सुमारे दोनतृतीयांश रुग्ण उपचारावाचूनही दोन वर्षांत सुधारतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. या आक्षेपाचे सर्वांत वजनदार उत्तर पंचवीस वर्षांनी आले. मेरी ली स्मिथ व जीन ग्लास यांनी १९७७ मध्ये ३७५ अभ्यासांचे एकत्रित संख्याशास्त्रीय परीक्षण प्रसिद्ध केले. उपचार घेतलेली सरासरी व्यक्ती उपचार न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत असते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतरच्या काळात आकडे कमीजास्त झाले, परंतु मानसोपचार सरासरीने उपयुक्त आहे हे मत पुन्हा उलथले गेलेले नाही.

तथापि सरासरी ही फार गोष्टी झाकते. उपचार घेणाऱ्या प्रौढांपैकी साधारणतः शंभरांत पाच ते दहा जण उपचारांती सुरुवातीपेक्षा वाईट स्थितीत असतात, हे मायकेल लँबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुनःपुन्हा दाखवून दिले आहे. याशिवाय मध्येच येणे सोडून देणाऱ्यांची संख्या मोठी असते. आता प्रश्न असा की, हे लोक उपचारकाच्या नजरेस पडतात काय?

या प्रश्नावरील २००५ सालचा हॅनन, लँबर्ट व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावा असा आहे. त्यात उपचारकांना, आपल्याकडे येणाऱ्या कोणाची स्थिती उपचारांती बिघडलेली असेल, याचे भाकीत करण्यास सांगितले होते. साधारणतः किती जण बिघडतात याची कल्पनाही त्यांना दिलेली होती. एकूण ५५० उपचारार्थ्यांपैकी ४० जणांची स्थिती शेवटी बिघडली. उपचारकांनी अवघ्या तिघांविषयी तसे भाकीत केले होते, आणि त्या तिघांपैकी एकाच्याच बाबतीत ते खरे ठरले. म्हणजे ४० पैकी ३९ माणसे उपचारकाच्या डोळ्यांदेखत खालावत गेली आणि उपचारकाला त्याची चाहूल लागली नाही.

याच्या जोडीला २०१२ मध्ये वॉलफिश व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेली पाहणी ठेवावी. १२९ मानसिक आरोग्य-व्यावसायिकांना स्वतःच्या कौशल्याची समव्यावसायिकांशी तुलना करण्यास सांगितले असता, त्यांपैकी चतुर्थांश लोकांनी आपण शंभरांतील नव्वदांहून सरस आहोत असे सांगितले. आपण सरासरीहून कमी आहोत असे म्हणणारा एकही निघाला नाही.

या दोन अभ्यासांवरून उपचारक हे अहंमन्य असतात असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अन्यायाचा होईल. डॅनियल कानेमन व गॅरी क्लाइन या परस्परविरोधी भूमिकांच्या दोघा संशोधकांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलेल्या निबंधात, अंतःप्रेरणा विश्वसनीय केव्हा होते याची दोन गमके दिली आहेत: कार्यक्षेत्रात नियमितता असावी, आणि आपला अंदाज खरा की खोटा हे कळण्याची पुरेशी संधी मिळावी. मानसोपचारात ही दुसरी अट फारशी पुरी होत नाही. गवंड्याची भिंत तिरपी झाली तर ओळंबा लगेच सांगतो. उपचारकाचे चुकलेले वाक्य त्या क्षणी चुकलेले दिसत नाही. त्याचा परिणाम आठवड्यांनी होतो, आणि तो सांगण्यासाठी माणूस पुढच्या बैठकीला येतोच असे नाही. जो बरा होतो तो आभार मानून जातो, आणि ज्याला काहीच उपयोग झाला नाही तो न सांगता येणे बंद करतो. त्यामुळे उपचारकाच्या स्मरणात यशाच्याच कथा साठतात. हा दोष उपचारकाच्या स्वभावाचा म्हणण्यापेक्षा त्याच्या कामाच्या घडणीचा आहे.

अनुभवाने कौशल्य वाढते काय, याचा सरळ तपास सायमन गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एका मोठ्या विद्यापीठीय समुपदेशन केंद्राच्या नोंदींवरून केला. १७० उपचारक व ६,५९१ उपचारार्थी यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. उपचारक सरासरीने सुधारत गेलेले दिसले नाहीत. उलट परिणामकारकतेत अत्यल्प घसरण दिसली. या निष्कर्षाचा पुढे फार गाजावाजा झाला, पण त्याच अभ्यासातील दुसरी गोष्ट क्वचितच सांगितली जाते. अनुभव वाढला तसतसे या उपचारकांकडून लवकर निघून जाणाऱ्यांचे प्रमाण कमी झाले होते. म्हणजे अनुभवाने त्यांना काहीच शिकविले नाही हे म्हणणे खरे नाही. माणसाला धरून कसे ठेवावे हे ते शिकले. बरे कसे करावे हे मात्र त्या मानाने शिकले नाहीत. असे का व्हावे, याचे उत्तर वरील विवेचनात आहे. माणूस आला की नाही, हे उपचारकाला दर आठवड्यास डोळ्यांनी दिसते. तो बरा होत आहे की नाही, हे तसे दिसत नाही. ज्या गोष्टीची वार्ता मिळते तीच शिकली जाते.

३

ही वार्ता उपचारकापर्यंत कशी पोहोचवावी, याचा पद्धतशीर विचार १९९० च्या दशकात सुरू झाला. केनेथ हॉवर्ड व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रश्नाची मांडणी बदलली. अमुक उपचारपद्धती सरासरीने गुणकारी आहे काय, असे विचारण्याऐवजी, या एका माणसाला या घटकेस हा उपचार लागू पडतो आहे काय, असे विचारावे, ही ती मांडणी होय.

अमेरिकेतील ब्रिगम यंग विद्यापीठात लँबर्ट यांनी या विचाराला साधनाचे रूप दिले. त्यांची ओ.क्यू.-४५ ही प्रश्नावली ४५ विधानांची असून प्रत्येकास ० ते ४ असे गुण आहेत. एकूण गुण ० ते १८० यांच्या दरम्यान येतात. जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. १४ वा त्याहून अधिक गुणांचा फरक पडला तरच तो मापनातील चढउतारापलीकडचा बदल समजला जातो. प्रारंभीची स्थिती सारखी असलेल्या बहुसंख्य लोकांची प्रगती कोणत्या गतीने होते, याची वक्ररेषा आधीच काढलेली असते. नव्या व्यक्तीचे गुण तिच्याशी ताडून उपचारकाला रंगाची खूण मिळते: पांढरी, हिरवी, पिवळी किंवा तांबडी. तांबडी खूण म्हणजे ही व्यक्ती अपेक्षित मार्गावर नाही व ती उपचार सोडून जाण्याचा किंवा बिघडण्याचा संभव आहे, अशी सूचना.

स्कॉट मिलर व बॅरी डंकन यांनी निराळा मार्ग धरला. पंचेचाळीस विधाने दर आठवड्यास भरून घेणे व्यवहारात टिकत नाही, हे ध्यानी घेऊन त्यांनी २००३ च्या सुमारास दोन अगदी छोटी साधने सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली. दोन्हींत दहा सेंटिमीटर लांबीच्या चार रेषा असून उपचारार्थ्याने प्रत्येक रेषेवर खूण करावयाची असते. बैठकीच्या आरंभी भरावयाच्या साधनात त्याची वैयक्तिक, कौटुंबिक, सामाजिक व एकंदर स्थिती कशी आहे ते विचारलेले असते. बैठकीच्या शेवटी भरावयाच्या साधनात आपले म्हणणे ऐकून घेतले गेले काय, हव्या त्या विषयावर बोलणे झाले काय, रीत आपल्याला मानवली काय आणि एकंदरीत बैठक कशी झाली, असे प्रश्न आहेत. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचारनात्याचे उद्दिष्ट, कार्य व बंध असे जे तीन घटक सांगितले होते, त्यांचीच ही व्यवहारातील आवृत्ती होय.

या दोन परंपरांतील फरक केवळ लांबीचा नाही. लँबर्ट यांचे साधन उपचारकाला इशारा देते, आणि तो उपचारार्थ्यापुढे मांडलाच पाहिजे असा त्याचा आग्रह नाही. मिलर व डंकन यांच्या साधनात मात्र ती खूण दोघांनी मिळून पाहावी आणि तीवर बोलावे, हाच मुख्य भाग आहे. एकात उपचारार्थ्याचे उत्तर हे माप असते, तर दुसऱ्यात ती साक्ष असते, आणि साक्षीदाराला पुढे प्रश्न विचारता येतात.

४

आता पहिल्या विधानाचा पुरावा पाहू. लँबर्ट व सहकाऱ्यांच्या प्रयोगांचे शिमोकावा, लँबर्ट व स्मार्ट यांनी २०१० मध्ये एकत्रित परीक्षण केले. ज्यांची प्रगती अपेक्षेप्रमाणे होत नव्हती अशा लोकांपैकी, प्रत्याभरण नसता सुमारे २० टक्के बिघडले होते. उपचारकाला प्रत्याभरण मिळत असता हे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांवर आले. नॉर्वेत अँकर, डंकन व स्पार्क्स यांनी २०५ दांपत्यांवर केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही प्रत्याभरण मिळालेल्या गटाला ठळक लाभ झाला. एवढेच वाचून थांबले तर, मानसोपचाराच्या इतिहासात इतक्या अल्प खर्चात इतका लाभ देणारे दुसरे साधन नाही असे वाटेल.

परंतु पुढील दशकातील परीक्षणे अधिक सावध आहेत. २०१६ मध्ये केंड्रिक व सहकाऱ्यांनी कॉक्रेन संस्थेसाठी केलेल्या परीक्षणात १७ अभ्यास तपासले गेले. नेहमीच्या मानसिक विकारांत अशा नियमित मापनाने उपचाराचा परिणाम सुधारतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा त्यांस आढळला नाही. मिलर-डंकन पद्धतीचे परीक्षण ओस्टरगार्ड व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये केले. समुपदेशन केंद्रांत काही लाभ, मानसरोग रुग्णालयांत जवळजवळ नाही, असे त्यांस दिसले. किम द योंग व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ५८ अभ्यासांचे परीक्षण केले. लक्षणांवरील परिणामाचे मान ०.१५ निघाले. सोप्या भाषेत सांगावयाचे तर, प्रत्याभरण मिळालेली सरासरी व्यक्ती प्रत्याभरण न मिळालेल्यांपैकी सुमारे ५६ टक्के लोकांपेक्षा बऱ्या स्थितीत होती. काहीच फरक नसता तर हा आकडा ५० असता. याशिवाय मध्येच उपचार सोडण्याचा संभव काहीसा घटला.

पहिले मोठे आकडे व नंतरचे लहान आकडे यांची संगती कशी लावावी? त्याची तीन कारणे संभवतात. एक, आरंभीचे प्रयोग साधनाच्या जनकांनीच केलेले होते. ज्याचा त्याच्या पद्धतीवर विश्वास असतो त्याच्या हाताखाली ती अधिक मनःपूर्वक वापरली जाते. दोन, छोट्या साधनाच्या कित्येक प्रयोगांत उपचाराचे मापही त्याच साधनाने केले गेले. उपचारकासमोर बसून, त्याच्याशी चर्चा करण्यासाठी भरलेली खूण हीच यशाची मोजपट्टी ठरली, तर उपचारार्थ्याची भीड यशात जमा होते. तीन, अनेक ठिकाणी प्रत्याभरण पोहोचले, पण वापरले गेले नाही. नेदरलँड्समधील द योंग व सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात सुमारे निम्म्याच उपचारकांनी आपण ते वापरल्याचे सांगितले होते. कपाटात ठेवलेल्या तापमापकाने ताप उतरत नाही, हे सांगण्यासाठी प्रयोगाची गरज नव्हती. पण उपचारकाच्या हाती आकडा दिला की काम झाले, असे मानणाऱ्या व्यवस्थेला ते सांगणे भाग पडले.

सारांश, पहिले विधान खरे आहे, परंतु ते लहान अक्षरांत लिहावयास हवे. लाभ सरासरीने अल्प आहे, तो वापरावर अवलंबून आहे, आणि त्याचे खरे मोल बहुधा बिघडत चाललेल्या थोड्या लोकांपुरते आहे. ते थोडे लोक म्हणजे हॅनन यांच्या अभ्यासातील चाळीसपैकी एकोणचाळीस होत. म्हणून आकडा लहान असला तरी तो नगण्य ठरत नाही.

५

दुसऱ्या विधानाकडे वळले असता चित्र बदलते. प्रत्याभरणाने उपचारक निपुण होतो, याला आधार म्हणून वर सांगितलेलेच प्रयोग पुढे केले जातात. परंतु त्या प्रयोगांची रचना नीट पाहिली तर ती या विधानाला साहाय्य करीत नाही. काहीशी विरोधातच जाते.

नॉर्वेतील प्रयोगात तेच उपचारक दोन्ही गटांतील दांपत्ये पाहात होते. लँबर्ट यांच्याही अनेक प्रयोगांत हीच रचना होती. गट वेगळे, उपचारक तेच, यामुळे उपचारकांतील व्यक्तिभेद आपोआप वगळला जातो, हा या रचनेचा गुण होय. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तिचा एक निराळाच अर्थ निघतो. प्रत्याभरणामुळे उपचारक खरोखर शिकत असता, तर ते शिकणे त्याने प्रत्याभरण नसलेल्या दांपत्यांच्या बैठकीतही सोबत नेले असते. सोमवारी कळलेली आपली चूक त्याने मंगळवारी टाळली असती. तसे झाले असते तर दोन गटांतील अंतर मिटत जावयास हवे होते. ते अंतर राहिले. याचा सरळ अर्थ असा की, उपचारकाला त्या विशिष्ट व्यक्तीविषयी वार्ता मिळाली व त्याने त्या विशिष्ट व्यक्तीपुरता मार्ग बदलला. त्याला इशारा मिळाला होता. त्याचे शिक्षण झाले होते असे म्हणण्यास आधार नाही. प्रयोगाचा काळ मर्यादित होता व नैपुण्य सावकाश येते, हा आक्षेप येथे घेता येईल आणि तो रास्त आहे. शिवाय थोडेफार शिकणे पलीकडच्या गटात झिरपलेही असेल, आणि तसे असल्यास प्रत्याभरणाचे मोजलेले मान खऱ्याहून कमी आलेले असेल. परंतु कसेही असले तरी, या प्रयोगांना नैपुण्यवृद्धीचा पुरावा म्हणून उभे करता येत नाही.

इशारा आणि शिक्षण यांतील फरक आपल्या संगीताच्या परंपरेत चांगला ओळखलेला आहे. तानपुरा गायकाला सतत स्वराची जाणीव देत असतो. सूर हलला की गायकाला ते तत्क्षणी कळते. परंतु तानपुऱ्याने कोणाला राग शिकविल्याचे ऐकिवात नाही. मैफलीतील दादही शिकवीत नाही. किंबहुना ती कित्येकदा चुकीच्या जागेलाच मिळते. शिकविते ती तालीम. गुरू चुकीच्या जागी थांबवितो, तीच जागा पन्नास वेळा घोटून घेतो, आणि शिष्य ती एकांतातील रियाजात बसवितो. आंडर्स एरिक्सन व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिन येथील संगीत विद्यालयातील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासावरून 'हेतुपुरस्सर सरावा'ची जी कल्पना मांडली, ती याच जातीची आहे. आपल्या क्षमतेच्या किंचित पलीकडचे एक लहान लक्ष्य, जाणकाराची देखरेख, तत्काळ दुरुस्ती आणि पुनरावृत्ती ही तिची अंगे होत. नुसत्या मैफली करीत राहिल्याने जसा गायक घडत नाही, तसा नुसत्या बैठका घेत राहिल्याने उपचारक घडत नाही.

ही कल्पना मानसोपचारात आणण्याचे प्रयत्न अलीकडचे आहेत. डॅरिल चाऊ व सहकाऱ्यांच्या २०१५ च्या अभ्यासात, कौशल्यवृद्धीसाठी एकांतात अधिक वेळ देणाऱ्या उपचारकांचे परिणाम सरस असल्याचे आढळले. पण त्या भागात केवळ १७ उपचारक होते, आणि सरावाचे तास त्यांनीच आठवून सांगितलेले होते. एवढ्यावर सिद्धांत उभारणे धाडसाचे ठरेल. अधिक विचारार्ह आहे तो गोल्डबर्ग व सहकाऱ्यांचाच २०१६ मधील दुसरा अभ्यास. कॅनडातील कॅल्गरी येथील एका समुपदेशन संस्थेत सात वर्षांत १५३ उपचारकांनी पाहिलेल्या ५,१२८ उपचारार्थ्यांच्या नोंदी त्यात आहेत. येथे उपचारकांचे परिणाम वर्षागणिक थोडेथोडे सुधारत गेले. एकाच वर्षी, त्याच प्रमुख लेखकाने, एका ठिकाणी अल्प घसरण व दुसऱ्या ठिकाणी अल्प वाढ दाखवावी, ही घटना ध्यानात घेण्यासारखी आहे.

कॅल्गरीत निराळे काय होते? तेथे केवळ माप घेतले जात नव्हते. उपचारार्थ्यांच्या नोंदी पर्यवेक्षणाच्या बैठकीत मांडल्या जात, जेथे प्रगती थांबली आहे त्या प्रकरणांवर सल्लामसलत होई, आणि पुढे हेतुपुरस्सर सरावाचीही जोड दिली गेली. आपले अपयश मांडणे हा तेथील कामाचा नित्य भाग होता. या अभ्यासात नियंत्रित गट नव्हता. म्हणून सुधारणा नेमकी कशामुळे झाली हे त्यावरून निश्चित होत नाही. परंतु तो कोठे शोधावे हे दाखवितो. प्रत्याभरण हा शिक्षणाचा कच्चा माल आहे. तो कोणासमोर मांडला जातो, त्याच्यावर कोण प्रश्न विचारतो, आणि पुढच्या आठवड्यात त्यातून कोणती लहानशी गोष्ट घोटली जाते, यावर शिक्षण अवलंबून असते.

या विवेचनात एका जुन्या प्रयोगाचे स्मरण ठेवणे योग्य होईल. कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी उपचाराच्या बैठकी ध्वनिमुद्रित करण्यास सुरुवात केली व १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका संपूर्ण उपचाराचे शब्दशः टिपण छापले. उपचारकाने आपण काय केले हे आठवून सांगावे, या रूढीला तो पहिला मोठा धक्का होता. उपचारार्थ्याची खूण 'काय झाले' ते सांगते. ध्वनिमुद्रण 'काय केले गेले' ते सांगते. दोन्ही शेजारी ठेवल्यावाचून चूक सापडत नाही.

६

आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने या चर्चेचे महत्त्व विशेष आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) दाखविल्याप्रमाणे भारतात मानसिक विकार असलेल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचत नाही. ही उणीव तज्ज्ञांच्या संख्येने भरून निघणे दृष्टिपथात नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेने याला दिलेले उत्तर जगभर वाखाणले गेले. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, तीव्र विषादाच्या ४९५ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, अल्पकाळ प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकींत दिलेला उपचार तेथे परिणामकारक ठरला. या यशाची चर्चा करताना 'सामान्य माणसेही हे करू शकतात' एवढेच सांगितले जाते. पण ती माणसे कशी काम करीत होती? त्यांच्या बैठकी ध्वनिमुद्रित होत, सहकाऱ्यांच्या गटात त्या ऐकल्या जात, आणि ठरावीक मापाने त्यांचे गुणांकन होई. ज्येष्ठ तज्ज्ञांना जी तपासणी सहसा सोसावी लागत नाही, ती या नवशिक्यांच्या कामाचा अविभाज्य भाग होती. नैपुण्य पदवीवर अवलंबून असते की तपासणीवर, हा प्रश्न गोव्याच्या प्रयोगाने आपल्या दारात आणून ठेवला आहे.

तथापि परदेशी साधने जशीच्या तशी उचलण्यात धोका आहे. चार रेषांच्या साधनात ४० पैकी २५, किंवा ओ.क्यू.-४५ मध्ये ६३ च्या आसपास जी सीमारेषा मानली जाते, ती अमेरिकी लोकसमूहावरून काढलेली आहे. मराठी भाषकांत ती तेथेच पडेल असे मानण्यास आधार नाही. ती आपल्याकडे नव्याने काढावी लागेल. त्याहून मोठी अडचण भाषेची नसून शिष्टाचाराची आहे. आपल्याकडे उपचारक हा 'डॉक्टर', 'सर' किंवा 'ताई' असतो. ज्याने तासभर आपले ऐकून घेतले त्याच्या तोंडावर 'तुमचे बोलणे मला पटले नाही' असे रेषेवर लिहून देणे कित्येकांना कृतघ्नपणाचे वाटेल. 'कसं वाटतंय?' या प्रश्नाला 'बरं आहे' हे उत्तर आपण विचार न करता देतो. त्यात प्रकृतीची वार्ता थोडी व सौजन्य अधिक असते. म्हणून बैठकीविषयीच्या साधनावर येणारे पूर्ण गुण हे यशाचे प्रमाणपत्र समजू नये. बहुधा ते, मोकळेपणाने सांगण्याइतकी जवळीक अद्याप झालेली नाही, याची खूण असतील. कमी गुण देणारा उपचारार्थी उपचारकावर विश्वास टाकीत असतो. तो विश्वास त्याला पस्तावयास लावणारा ठरू नये, ही उपचारकाची जबाबदारी आहे.

दुसरा धोका व्यवस्थापनाचा आहे. इंग्लंडमध्ये २००८ पासून राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या मानसोपचार योजनेत प्रत्येक बैठकीस लक्षणांचे मापन होते, आणि निम्मे लोक बरे व्हावेत असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. एवढ्या मोठ्या प्रमाणावर परिणामांच्या नोंदी ठेवणे व त्या लोकांसमोर मांडणे हे स्तुत्यच होय. परंतु उपचारार्थ्याची खूण एकदा उपचारकाच्या बढतीशी वा नोकरीशी जोडली गेली की तिचा उपयोग संपू लागतो. ज्या मोजमापावर निर्णय घेतले जातात ते विकृत होण्याचा संभव त्या प्रमाणात वाढतो, हा इशारा डोनाल्ड कँबेल यांनी १९७० च्या दशकातच दिला होता. अशा स्थितीत उपचारक अवघड माणसे टाळील, चांगले गुण सुचवील, आणि जी साक्ष त्याच्या चुका दाखविण्यासाठी मागविली होती ती त्याचे गुणगान करू लागेल. शिक्षणासाठी घेतलेली नोंद आणि परीक्षेसाठी घेतलेली नोंद या दोन वेगळ्या ठेवणे अत्यावश्यक आहे.

७

वरील परीक्षणातून प्रशिक्षणाच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रशिक्षणार्थी बैठकीनंतर जे आठवून लिहितो तेवढ्यावरच जेथे मार्गदर्शन उभे राहते, तेथे मार्गदर्शकापुढे उपचारार्थी येतच नाही. येतो तो प्रशिक्षणार्थ्याच्या स्मरणातील उपचारार्थी. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक बैठकीची उपचारार्थ्याने केलेली नोंद, आणि त्याच्या संमतीने केलेले ध्वनिमुद्रण, ही दोन्ही पर्यवेक्षणात असावीत. ज्या प्रकरणात सर्वांत कमी प्रगती झाली ते सर्वांत आधी मांडले जावे. मार्गदर्शकाने 'तुम्हांला काय वाटते' हे विचारण्यापूर्वी 'त्यांनी काय लिहिले आहे' हे विचारावे. एका वेळी एकच जागा निवडावी: प्रश्न विचारण्याची रीत, मौन सहन करण्याची क्षमता, वा उपचारार्थ्याच्या रागाला दिलेले उत्तर, आणि ती जागा पुढच्या बैठकीपर्यंत सहकाऱ्यांबरोबर घोटावी. मार्गदर्शकानेही आपल्या स्वतःच्या अपयशी प्रकरणाची नोंद वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी. त्यावाचून अपयश मांडण्याची रीत रुजणार नाही.

संशोधनाच्या दृष्टीने मराठीत दोन कामे तातडीची आहेत. एक, या साधनांच्या सीमारेषा मराठी भाषकांवर निश्चित करणे. दोन, उपचार मध्येच सोडून गेलेल्यांची पाहणी. पहिले काम कष्टाचे असले तरी रूढ पद्धतीचे आहे. दुसऱ्यासाठी मात्र, जे परत आले नाहीत त्यांच्यापर्यंत आपण होऊन जावे लागेल, आणि का आला नाहीत असे नम्रपणे विचारावे लागेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी याहून उपयुक्त विषय सुचविणे कठीण आहे. हॅनन यांच्या अभ्यासातील त्या एकोणचाळीस लोकांना कोणी वेळीच विचारले असते, तर त्यांपैकी कितीजण सावरले असते हे सांगता येत नाही. पण त्यांच्या उपचारकांना निदान त्यांची स्थिती कळली असती, आणि त्यांच्याकडून काही शिकता आले असते.